बहिऱ्यानेही ऐकलं

धाकटीने केकचं ताट दोन्ही हातांवर तोलून धरलं, पाठीने दार ढकललं, आणि तेवढ्यात आत डोअरबेल वाजली.

डिंग-डाँग. थोडं थांबून पुन्हा डिंग-डाँग.

या खोलीच्या दाराला बेल नाही. ती वाजते संगणकातून. वर अवकाशात फिरणाऱ्या त्यांच्या दुर्बिणीला गॅमा किरणांचा भडका दिसला की ती खाली निरोप धाडते, आणि तो निरोप कर्कश भोंग्याने येण्याऐवजी घरच्या बेलने यावा, ही कल्पना फार पूर्वी कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाली होती. कारण भडक्याला इथे भडका कोणी म्हणतच नाही. पाहुणा म्हणतात. कुठेतरी फार फार दूर एखादा अगडबंब तारा कोसळतो, मरता मरता किरणांचा एक झोत सोडतो, आणि तो झोत नेमका आपल्या दिशेने निघालेला असला तर आपल्याकडे पाहुणा येतो. कळवून येत नाही. चहाला आधण ठेवेपर्यंतही बसत नाही. उठून गेला की मागे थोडी धग राहते, आणि ती निवायच्या आत त्याचं गाव कोणतं ते शोधून काढायचं, हे या खोलीचं काम.

"अगं बाई, आत्ताच?" धाकटी दारातच पुटपुटली.

तिला नवल पाहुण्याचं नव्हतं, वेळेचं होतं. ठरलं होतं ते असं, की आधी केक कापायचा, मग मास्तरांना दोन शब्द बोलायला उभं करायचं, आणि ते बोलत असताना बेल वाजवायची. वाजवणार होती ती स्वतः. मग तिचे हात केकमध्ये अडकलेले असताना हा आगाऊपणा कोणी केला?

तिने वाचाळकडे बघितलं. वाचाळ म्हणजे खोलीतला प्रोग्रामर. दिवसाला चार शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी, म्हणून त्याचं नाव वाचाळ. त्याने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि अंगठा वर केला. म्हणजे, झकास, बरोबर वेळ साधलीस. स्वतः करून वर मलाच शाबासकी देतोय, असं वाटून धाकटीने त्याच्यावर डोळे वटारले. त्याला बिचाऱ्याला त्याचं कारण कळेना.

मास्तर मधल्या खुर्चीवर बसले होते. आज त्यांची शेवटची पाळी. दुर्बिणीचा मुख्य डोळा त्यांनी बांधलेला. खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर कशी पडली आहे ते बघून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं ना, तसंच या डोळ्यावर एक शिशाची जाळी आहे, आणि तिची सावली कशी पडली यावरून पाहुणा आकाशात कुठून आला ते कळतं. ती जाळी कशी कापायची, याच्यावर मास्तरांनी उमेदीची वर्षं घातली होती. पहिल्यांदा कापली तेव्हा ती उलटी बसवली गेली आणि सगळं आकाश आरशात बघितल्यासारखं दिसायला लागलं, ती गोष्ट ते स्वतःच खो खो हसत सांगत.

आणि एवढं करून त्या डोळ्याने मास्तरांना मात्र हूल दिली होती. जगभर नाव झालेले कितीतरी पाहुणे त्याने टिपले, पण एकही मास्तरांच्या पाळीत नाही. सगळ्यांत तेजस्वी आला तेव्हा मास्तर दाढ काढून घ्यायला गेले होते. दुसरा आला तेव्हा भाचीच्या लग्नात होते. तिसऱ्याच्या वेळी तर ते पाळीवरच होते, फक्त कोणाच्या तरी गाडीला आडवी आलेली आपली स्कूटर हलवायला खाली उतरले होते. वर येईपर्यंत खोलीत टाळ्या चालू. त्यांच्या वाट्याला यायचे ते सूर्यावरचे किरकोळ उद्रेक आणि यंत्रातली खरखर. मास्तरांची पाळी म्हणजे आकाशाला सुट्टी, असं सगळे म्हणायचे, आणि ज्याला घरी निवांत झोप हवी तो त्यांच्याबरोबर पाळी लावून घ्यायचा. मास्तर हसायचे. पण एकदा तरी आपल्या हाताने 'खरा' असं लिहून जगाला कळवावं, याची आस त्यांना किती होती ते धाकटीला माहीत होतं, कारण ती या खोलीत आली तेव्हापासून त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. तेव्हा ती सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. आता घरी दोन मुलं होती, केसांत पांढरं दिसत होतं, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं.

म्हणून हा केक, आणि म्हणून केकबरोबर तोतया.

तोतया ही या खोलीची जुनी खोड. पाळीवरचा माणूस पेंगत तर नाही ना, हे बघायला मधूनच खालच्या खाली एक बनावट पाहुणा सोडतात. बेल वाजते, आलेख उसळतो, सगळं अगदी खऱ्यासारखं. ज्यांना माहीत असतं ते गप्प बसतात. पाळीवरच्या माणसाने सगळी मापं काढून शेवटच्या रकान्यात 'खरा' किंवा 'खोटा' असा निर्णय लिहिला की मगच बिंग फुटतं. बाहेर काही जात नाही, दुर्बीण जागची हलत नाही. तिचं एक चाक कुरकुरायला लागल्यापासून तिला वळवायला दोन कुलपं काढावी लागतात. एक पाळीवाल्याचं, दुसरं वरिष्ठाचं. तोतयाच्या वेळी वरिष्ठ आपलं कुलूप काढत नाही, एवढंच.

मास्तरांसाठीचा तोतया धाकटीने स्वतः घडवला होता, कण न् कण जुळवून. तिला ही कल्पना मनापासून पटली नव्हती. आयुष्यभर खऱ्याखोट्यासाठी भांडलेल्या माणसाला निरोपाला खोटं द्यायचं? मास्तरांकडून 'खरा' लिहून घेणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. इतरांनी नाचत आणलेले पाहुणे त्यांनी एका वाक्यात परत पाठवले होते. पण सगळ्यांची हौस दांडगी, तिचं कोण ऐकतो. शेवटी वाचाळने विचारलं होतं, "बहिऱ्यातही घालू?" त्यावर ती म्हणाली होती, "नको. तेवढं राहू दे."

बहिरा म्हणजे दुर्बिणीच्या कडेला बसवलेलं एक जाडजूड जुनाट यंत्र. मुख्य डोळ्याला राईएवढं दिसतं तिथे याला पर्वताएवढं लागतं, म्हणून बहिरा. तो बंद करून वीज वाचवावी असं दरवर्षी कोणीतरी सुचवायचं आणि मास्तर दरवर्षी हातघाईवर यायचे. त्याची माहिती वेगळ्या वाटेने खाली येते. तोतयाचा प्रोग्राम तिकडे फिरकत नाही.

"आलं वाटतं कोणीतरी," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, पुन्हा घातला. "या, या, असे लांब का उभे? जवळ या सगळे. बाई, तुम्ही पण या."

बाई म्हणजे खोलीच्या प्रमुख. दुसऱ्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे. त्या हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि लेकीच्या बक्षीस समारंभाला आल्यासारख्या हसत होत्या.

"अय्या, तुमच्या पाळीत पाहुणा?" बाई म्हणाल्या. "मास्तर, उद्या सूर्य पश्चिमेला उगवतो की काय!"

"बघा ना," मास्तर म्हणाले, "जाता जाता देव पावला."

सगळे हसले. धाकटीने ताट जवळच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि ती आपल्या टेबलाकडे गेली. तोतया सोडला कोणी, आणि तिच्या पासवर्डशिवाय सोडला कसा, हे तिला बघायचं होतं.

पडद्यावर प्रोग्राम उघडाच होता. जेवणाआधी तिने ठेवला होता तसाच. मधोमध एक चौकट, चौकटीत दोन शब्द: 'तयार. सोडू?'

तिने ते पुन्हा वाचलं. तोतया अजून सुटलाच नव्हता.

"ए," ती वाचाळच्या कानाशी लागली, "तू सोडलास?"

वाचाळने नकारार्थी मान हलवली आणि तिच्याकडे बोट केलं.

"मी नाही रे! मी केक आणत होते!"

वाचाळचं बोट हवेतच राहिलं. त्याने तिच्या पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की एरवी धाकटी पोट धरून हसली असती.

तिकडे मास्तर रंगात आले होते. "हे बघा, हा पहिला उंचवटा. कसा उसळलाय! आणि इथे जरा दम घेतलाय, हा बघा, आणि मग पुन्हा. अरे, फोटो काढा कोणीतरी. बाई, तुम्ही माझ्या बाजूला उभ्या राहा. हा, असं." एकेक माप ते हाताने वहीच्या कागदावर लिहून दाखवत होते, गणपतीला दूर्वा वाहाव्यात तशा संथपणे. किती सेकंद टिकला, किती ताकदीचा होता, जाळीची सावली कुठे पडली. पडद्याच्या कोपऱ्यात दुर्बिणीशी संपर्क कधी तुटणार त्याचं घड्याळ उलटं पळत होतं. दुर्बीण थोड्याच वेळात क्षितिजाखाली जाणार होती. ती पुन्हा वर येईपर्यंत धग निवून राख झाली असती.

"मास्तर," धाकटी गर्दीतून घुसत म्हणाली, "मास्तर, हा खरा आहे."

हशा पिकला.

"आता नाटक पुरे गं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांना सावकाश करू दे की."

"बाई, देवाशपथ! मी तो सोडलेलाच नाही!"

"वा, काय अभिनय करते पोरगी," मागून कोणीतरी म्हणालं.

मास्तरांनी मात्र मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि इतक्या मायेने हसले, की तिला एकदम रडूच यायला लागलं. "असणारच गं," ते म्हणाले. "माझ्या शेवटच्या दिवशी आलाय, खराच असणार."

त्यांच्या त्या हसण्यावरूनच तिला कळलं, की त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून ते देव जाणे, पण माहीत होतं. आणि तरी ते चष्मा पुसत होते, फोटो काढून घेत होते, देव पावला म्हणत होते. ही माणसं हौसेने मला काहीतरी देतायत, ते मी गोड मानून घ्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आयुष्यात कोणाचं खोटं खपवून न घेतलेला माणूस आज सगळ्या खोलीचं खोटं डोक्यावर घेऊन मिरवत होता.

ती त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली.

"मास्तर, माझं एक ऐका. बहिऱ्याकडे बघा."

"नको."

"फक्त एकदा. एक बटण दाबायचंय."

"आज नको म्हटलं ना." त्यांनी आवाज खाली आणला. "धाकटे, अगं तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत. मी बहिऱ्याकडे बघितलं तर मला कळेल. आणि मला कळलं की ते माझ्या तोंडावर दिसेल, मला काही लपवता येत नाही. राहू दे. छान चाललंय ना सगळं?"

"छान कसलं डोंबल चाललंय!" धाकटी ओरडली. तिच्या तोंडून मास्तरांशी असं कधी निघालं नव्हतं. ती उठली, धावत गेली, टेबलावरचा लॅपटॉप वायरींसकट उपटून आणला आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. "हे वाचा. मोठ्याने वाचा."

"तयार," मास्तरांनी वाचलं. "सोडू?"

"तुमचा तोतया अजून इथे आहे. माझ्याकडे. दारातसुद्धा गेलेला नाही. मग आत कोण आलंय?"

खोलीतलं हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. फोटो काढणाऱ्याचा हात खाली आला. मास्तर त्या चौकटीकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची सरकवली, दुसऱ्या पडद्याजवळ गेले आणि आजवर हजारदा उघडलं होतं ते पान उघडलं.

बहिऱ्याची रेघ नेहमीसारखी सपाट चालत आली होती. कंटाळवाणी, सपाट, सपाट. आणि मग तिच्या पाठीवर एक बारीकसं टेंगूळ होतं. त्याच्या पुढे जरा दम घेतल्यासारखी जागा, आणि मग आणखी एक टेंगूळ.

मास्तरांनी त्या टेंगळावर बोट टेकवलं, काच पुसल्यासारखं फिरवलं. ते जागचं हललं नाही.

"बहिऱ्यानेही ऐकलं," ते म्हणाले. "अरे, बहिऱ्यानेही ऐकलं!"

त्यानंतर मास्तर म्हातारे राहिले नाहीत. "बाई, कुलूप!" ते गरजले, आणि इतक्या वर्षांत बाईंना हुकूम सोडायची कोणाची छाती झाली नव्हती, पण बाई पदर खोचल्यासारख्या धावल्या. मास्तरांनी आपलं कुलूप काढलं, बाईंनी आपलं. सावलीवरून काढलेली जागा मास्तर आकडा आकडा सांगत होते, धाकटी टिपत होती, वाचाळ पडताळत होता. कागदावर सावकाश लिहिलेली ती सगळी मापं आता कामाला आली; गंमत म्हणून केलेलं कामही मास्तरांनी एका चिमटीची चूक न करता केलं होतं. आज्ञा गेली. वर, कोणाला न दिसणाऱ्या उंचीवर, कुरकुरणाऱ्या चाकाची ती दुर्बीण वळायला लागली.

वळायला वेळ लागतो. उलट्या घड्याळात मूठभर मिनिटं उरली होती. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते स्वतःलाच शिव्या देत होते, "चष्मा पुसत बसलो, गाढवासारखा चष्मा पुसत बसलो."

"मीच हाताची घडी घालून उभी होते," बाई म्हणाल्या. "गप्प बसा."

मग तिच्याच अंगावर बसवलेल्या, धग टिपणाऱ्या दुसऱ्या, लहान दुर्बिणीचं पहिलं चित्र पडद्यावर उतरायला लागलं. आधी काळं. मग नकाशावर ठाऊक असलेला एक तारा, आणखी एक. आणि त्यांच्या मधोमध, जिथे कालपर्यंत काहीच नव्हतं, तिथे एक ठिपका. एकदम ठसठशीत.

"आला!" वाचाळ किंचाळला. "आला, आला, आला रे आला!" त्याचा आवाज असा आहे हे निम्म्या खोलीला त्याच दिवशी कळलं. आनंदाच्या भरात तो जवळच्या खुर्चीवर मटकन बसला.

ती केकची खुर्ची होती.

कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. बाई धाकटीच्या गळ्यात पडल्या होत्या, फोटो काढणारा फोटो काढायचं विसरून नाचत होता, आणि मास्तर एकटेच खुर्चीवर ताठ बसून जगाला पाठवायचा निरोप लिहीत होते, दोन बोटांनी, ते आयुष्यभर टंकत आले तसे. वेळ, जागा, ताकद. 'अंतर' या रकान्यात त्यांनी 'अजून माहीत नाही' असं लिहिलं. 'निर्णय' या रकान्यापाशी बोटं थांबली. सगळे त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. मास्तरांनी एकदा बहिऱ्याच्या पडद्याकडे बघून घेतलं, आणि लिहिलं: खरा.

निरोप गेला. लगेचच संपर्क तुटला.

टाळ्या थांबायच्या आत मास्तरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायला लागल्यापासून फोनचा आवाज एवढा मोठा असे, की त्यांच्या घरचं सगळं खोलीला ऐकू यायचं.

"अहो," त्यांच्या बायकोचा आवाज आला, "झाला का तो त्यांचा खोटा पाहुणा येऊन? आनंद नीट दाखवलात ना? नाहीतर तुमचं ते एरंडेल प्यायलेलं तोंड!"

धाकटीने कपाळावर हात मारला. मास्तरांना संध्याकाळपर्यंत घरी बोलावू नका, हे सांगायला तिनेच काकूंना फोन केला होता, आणि कोणाला सांगू नका म्हणून तीनदा बजावलं होतं.

"अगं, खरा आला," मास्तर म्हणाले.

"हो हो, तसंच म्हणा. ऐकत असतील ते."

"अगं, खरंच खरा!"

"छान. अस्संच म्हणत राहा. आता किती छान बोललात," असं म्हणून काकूंनी समाधानाने फोन ठेवला. मास्तर हातातल्या फोनकडे बघत राहिले आणि मग असे हसले, की त्यांना ठसका लागला आणि बाईंना त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.

केकची एक बाजू वाचली होती. सुरी कोणालाच सापडली नाही, म्हणून सगळ्यांनी ती हातानेच खाल्ली.

उरलेल्या दुपारभर उत्तरं येत राहिली. ज्या ज्या देशात तेव्हा अंधार होता तिथल्या दुर्बिणी एकामागून एक त्या ठिपक्याकडे वळल्या. आम्हालाही दिसला, आम्हालाही, असे निरोप आले, आणि प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला मास्तरांच्या निरोपाचा क्रमांक होता. मास्तर प्रत्येक निरोप मोठ्याने वाचून दाखवत होते. खिडकीतलं ऊन पिवळं झालं तेव्हा एका डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीने उजेड रंगारंगांत फोडून अंतर काढलं. हा उजेड निघाला तेव्हा आपला सूर्य जन्मालासुद्धा यायचा होता.

"एवढ्या लांबून आला बिचारा," बाई पर्स उचलत म्हणाल्या, "आणि आपण फोटो काढत बसलो होतो." त्या निघाल्या. त्या गेल्या की दुसऱ्या कुलपाची किल्ली धाकटीकडे येई. हळूहळू बाकीचेही गेले. वाचाळ पाठीमागे स्वेटर बांधून गेला.

मास्तरांनी खणातल्या वस्तू पिशवीत भरल्या. एक पट्टी, एक भिंग, शिशाच्या जाळीचा तळहाताएवढा नमुना. पिशवी खांद्याला लावून ते उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"धाकटे."

"काय मास्तर?"

"माझा तोतया कुठाय?"

"आहे की. पण आता कशाला? खरा आला ना तुमचा."

"म्हणून काय झालं? माझ्यासाठी केलेला आहे. मला बघायचाय. सोड."

धाकटीला लाजल्यासारखं झालं. तिने लॅपटॉप ओढला, पासवर्ड घातला, आणि 'सोडू?'वर बोट दाबलं.

डिंग-डाँग.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग ते पुढे झुकले आणि दुपारी केलं होतं तेच सगळं त्यांनी पहिल्यापासून केलं. किती सेकंद टिकला, किती ताकदीचा, सावली कुठे पडली. कागदावर, हाताने. एकदा त्यांनी कौतुकाने मान हलवली. एकदा भुवई चढवली.

"शेपटी जरा जास्तच देखणी केलीस," ते म्हणाले. "खरं एवढं नीटनेटकं नसतं."

"तुमच्यासाठी होता म्हणून."

"हं." मग त्यांनी बहिऱ्याचं पान उघडलं. रेघ सपाट होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बहिऱ्याला विसरलीस?"

"विसरले नाही," धाकटी म्हणाली. "मुद्दाम सोडलं. तुम्हाला खात्री करून घ्यावीशी वाटली तर वाट असावी म्हणून. पूर्ण फसवायला जीव होईना."

मास्तरांनी नाक ओढलं, खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही, तेव्हा पिशवीतून शिशाची जाळी बाहेर काढून उगीचच तिच्यातून दिव्याकडे बघितलं. मग ती तिच्या टेबलावर ठेवून दिली आणि दोन बोटांनी टंकायला लागले. बराच वेळ टंकत होते. शेवटी एक बटण दाबलं, उठले, पिशवी खांद्याला लावली.

"जातो," ते म्हणाले. "घरी जाऊन हिला पटवायचंय, ते काम मोठं आहे."

दार लागलं. जिन्यात त्यांनी रखवालदाराला काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं, आणि रखवालदाराचं मोठमोठ्याने हसणं.

तोतयाचे निरोप जगात जात नाहीत. ते शेजारच्या टेबलावरच येतात. धाकटीच्या पडद्यावर मास्तरांचा निरोप येऊन थांबला होता. वेळ, जागा, ताकद, सगळं चोख. अंतर: शेजारच्या टेबलाइतकं. बहिऱ्याची साक्ष: नाही. लागली नाही.

निर्णय: खरा.

खाली नेहमीसारखं दुसरं कुलूप उघडलं जायची वाट बघत होतं. दुर्बीण पुन्हा क्षितिजाखाली गेली होती, आज्ञा तिच्यापर्यंत पोचणार नव्हती. धाकटीने किल्ली घेतली आणि ते काढलं.